बिअरच्या डब्यावर लिटरचा दर छापा: राज्य उत्पादन शुल्क आयुक्त आणि वैधमापन नियंत्रक यांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, राज्य उत्पादन शुल्क, महाराष्ट्र राज्य
मा. नियंत्रक, वैधमापन शास्त्र, महाराष्ट्र राज्य

विषय: क्राफ्ट (म्हणजे छोट्या उत्पादकांच्या) बिअरच्या बाटल्या, डबे व संच यांवर आणि दुकानाच्या दरफलकावर प्रतिलिटर दर दाखवणे बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत लेबले छापण्याच्या धंद्यात माझी 21 वर्षे गेली. लोणची, खाद्यतेल, खोकल्याची औषधे आणि मधली चार वर्षे एका छोट्या बिअर उत्पादकाची लेबले आमच्या छापखान्यातून गेली. त्यामुळे कोणत्या मालावर कोणता मजकूर, किती उंचीच्या अक्षरात आणि कोणत्या बाजूला यायला हवा, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. मी बिअर पितो. महिन्यातून तीन-चार वेळा, घरी, बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या किंवा गोव्याच्या छोट्या उत्पादकांची. या दोन्ही नात्यांनी हे पत्र लिहीत आहे. बिअर स्वस्त करा किंवा कर कमी करा, अशी माझी मागणी नाही. ज्या दराने मी ती विकत घेतो तो दर मला वाचता यावा, इतकेच मागणे आहे.

गेल्या महिन्यात घराजवळच्या बिअर शॉपीत घडलेला प्रसंग सांगतो. शीतकपाटात गव्हाच्या बिअरचे तीन पर्याय होते. एका उत्पादकाचा 330 मिलिलिटरचा डबा 165 रुपयांना, दुसऱ्याचा 500 मिलिलिटरचा डबा 260 रुपयांना, आणि पहिल्याच उत्पादकाच्या चार डब्यांचा खोका 640 रुपयांना. माझ्या पुढे उभ्या असलेल्या तरुणाने क्षणभर विचार करून पाचशेचा डबा उचलला आणि बरोबरच्या मित्राला म्हणाला, "मोठा घे रे, मोठा परवडतो." मी मोबाइल काढून हिशेब केला. लहान डबा लिटरमागे 500 रुपयांना पडत होता, मोठा 520 रुपयांना आणि खोका सुमारे 485 रुपयांना. म्हणजे परवडतो म्हणून घेतलेला डबाच तिघांत महाग होता. त्या तरुणाचे यात काही चुकले नाही. मोठे माप स्वस्त पडते हा धडा आपण सगळेच तेलाच्या पिशव्या आणि साबणाच्या वड्या घेताना शिकलेलो आहोत आणि तो बहुतेक ठिकाणी खराही ठरतो. तो जिथे खोटा पडतो तिथे गिऱ्हाइकाला सावध करणारे काहीही त्या डब्यावर नव्हते. 330, 500 आणि 650 हे आकडेच असे विचित्र आहेत की त्यांचा तोंडी हिशेब चांगल्या हिशेबनिसालाही जड जावा.

त्याच दिवशी त्याच रस्त्यावरच्या किराणा दुकानातून मी बिस्किटांचा पुडा घेतला. त्यावर कमाल किरकोळ किमतीच्या शेजारी प्रतिग्रॅम दर छापलेला होता. आपण दोघेही जाणताच की वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 मध्ये 2021 साली केलेल्या दुरुस्तीने ही एकक विक्री किंमत आली, आणि त्याच दुरुस्तीने अनेक वस्तूंच्या ठरावीक वजना-मापांचे बंधन काढून टाकले. उत्पादकाने हव्या त्या मापात माल भरावा, पण ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा दर सांगावा, असा तो सरळ सौदा होता. मद्याच्या बाबतीत मात्र याच नियमांनी किरकोळ किमतीची घोषणा राज्यांच्या उत्पादन शुल्क कायद्यांवर सोपवली आहे. मद्य वस्तू व सेवा कराच्याही बाहेर आहे आणि ते महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 खाली येते, हे मान्य. परंतु त्याचा परिणाम असा झाला आहे की दहा रुपयांच्या बिस्किटांचा दर ग्रॅमपर्यंत सांगितला जातो आणि सहाशे रुपयांच्या बिअरच्या खोक्याचा दर गिऱ्हाइकाने स्वतः काढायचा. मी हाताळलेल्या डब्यांवर मद्यार्काचे प्रमाण होते, आरोग्याचा इशारा होता, निव्वळ माप होते, किंमत होती. या चार गोष्टींना जोडणारा पाचवा आकडा नव्हता.

छोट्या उत्पादकांवर मला आरोप करायचा नाही. लहान माप लिटरमागे बहुतेक वेळा महाग का पडते, हे मी त्यांच्या बाजूने पाहिलेले आहे. बिअर 330 मिलिलिटर असो की 650, बाटली एकच लागते, बूच एकच, लेबल एकच, भरण्याच्या यंत्रावरचा फेरा एकच. हजार लिटर बिअर भरायची तर 650 च्या सुमारे 1,540 बाटल्या लागतात आणि 330 च्या सुमारे 3,030. म्हणजे बूच, लेबल आणि हाताळणी जवळपास दुप्पट. त्यात 650 ची तपकिरी बाटली भंगारवाल्याकडून परत येते, धुतली जाते आणि पुन्हा भरली जाते. एकदाच वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या डब्याला ही सवलत नाही. मोठे कारखाने डबे थेट छापूनच घेतात, कारण त्यांना लाखांच्या संख्येत ते लागतात. माझ्या बिअर-उत्पादक गिऱ्हाइकाला एका वेळी काही हजार डबे पुरत, म्हणून तो कोरे डबे घेऊन त्यांवर आमची चिकटपट्टीची लेबले लावी आणि प्रत्येक डब्यामागे तो खर्च वेगळा सोसे. आणि शुल्क जेव्हा उत्पादन खर्चाच्या टक्केवारीने मोजले जाते, तेव्हा डब्याचा, बुचाचा आणि लेबलाचा खर्चही त्या टक्केवारीत ओढला जातो. वेष्टनावर वाढलेला एक रुपया दुकानात पोचेपर्यंत एक रुपया राहत नाही.

तरीही माझा हा उत्पादक गिऱ्हाईक डब्यांकडे का वळला, हे सांगितले पाहिजे, कारण पिणाऱ्याच्या दृष्टीने मोल तिथेच आहे. बिअरमधल्या हॉप्सच्या, म्हणजे तिला चव आणि वास देणाऱ्या फुलांच्या, कडवट द्रव्यांवर प्रकाश पडला की त्यांतून अगदी अल्प प्रमाणातही जाणवणारे उग्र वासाचे गंधक-संयुग तयार होते. तपकिरी काच हा प्रकाश पुष्कळ अडवते, हिरवी आणि पांढरी काच फारच थोडा, आणि धातूचा डबा पूर्ण अडवतो. डबा वजनाला हलका असतो, लवकर गार होतो आणि टेम्पोत फुटत नाही. म्हणून लहान डब्यासाठी चार पैसे जास्त द्यायला माझी तक्रार नाही. किती पैसे जास्त दिले हे कळावे, एवढीच अपेक्षा आहे.

माप आणि मोल यांचे नाते किती फसवे असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेत सापडते. तिथल्या छोट्या उत्पादकांनी बरीच वर्षे 22 औंसांची मोठी बाटली वापरली. हे माप म्हणजे बरोबर आपली 650 मिलिलिटरची बाटली. आपल्याकडे ही बाटली लिटरमागे सर्वांत स्वस्त समजली जाते आणि साध्या लागरच्या, म्हणजे रोजच्या फिकट बिअरच्या, बाबतीत ती तशी असतेही. माझ्या त्याच दुकानात 195 रुपयांची अशी बाटली लिटरमागे 300 रुपयांना पडते. अमेरिकेत मात्र याच मापाची बाटली विशेष बिअरसाठी राखली गेली, एकेकटी विकली गेली आणि औंसामागे सहा बाटल्यांच्या नेहमीच्या संचापेक्षा बहुधा महागच पडत राहिली. पिणारे वर्षानुवर्षे याबद्दल कुरकुर करत होते. काच तेवढीच, बिअर तेवढीच, पण एका देशात ती काटकसरीची खूण आणि दुसऱ्या देशात चैनीची. मापावरून मोल ओळखता येत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगावे?

पुढे तिथे डबे आले. कोलोरॅडोमधल्या ऑस्कर ब्लूज या छोट्या उत्पादकाने 2002 मध्ये आपली पेल एल ही हॉप्सची बिअर डब्यात भरली, तेव्हा डबा म्हणजे हलक्या प्रतीची बिअर असा सार्वत्रिक समज होता. 2011 मध्ये व्हरमाँटच्या द अल्केमिस्टने हेडी टॉपर ही बिअर 16 औंसांच्या डब्यांत, चार डब्यांच्या संचात विकायला सुरुवात केली आणि त्यानंतर ताज्या हॉप्सच्या बिअरसाठी चार उंच डब्यांचा संच हाच तिथे रिवाज होऊन बसला. आता हिशेब पाहा. 12 औंसांच्या सहा डब्यांत 2,130 मिलिलिटर बिअर असते आणि 16 औंसांच्या चार डब्यांत 1,892. डबा हातात मोठा वाटतो, आणि बिअर मात्र 238 मिलिलिटरने, म्हणजे साधारण 11 टक्क्यांनी कमी असते. दोन्ही संचांना समान किंमत लावली तर गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर भाववाढ होते आणि ती त्याला दिसतही नाही. आपल्याकडे चार आणि सहा डब्यांचे खोके आता दुकानांत आणि विमानतळाच्या वाटेवरच्या मॉलमध्ये दिसू लागले आहेत. हा प्रश्न उद्या आपल्या दारात येणार आहे आणि आज त्याची तजवीज करणे सोपे आहे.

युरोपीय संघाने 1998 च्या निर्देशानेच दुकानदाराला लिटरचा किंवा किलोचा दर दाखवायला लावले. माझा भाचा जर्मनीत स्टुटगार्टला असतो. त्याच्याकडे गेलो असताना दुकानाच्या फडताळावर प्रत्येक बिअरखाली लहान अक्षरात लिटरचा दर पाहिला आणि अर्धा लिटरची बाटली, एक-तृतीयांश लिटरची बाटली आणि 20 बाटल्यांचा क्रेट यांची तुलना मी, जर्मन भाषेचे ओ की ठो न कळणारा माणूस, उभ्या-उभ्या करू शकलो. बाटलीची अनामत रक्कमही तिथे किमतीत मिसळत नाहीत, वेगळी दाखवतात. यातून तिथले छोटे बिअर उत्पादक बुडाले नाहीत. लोक महाग बिअर घेतात, पण ती महाग आहे हे जाणून घेतात.

लिटरचा दर म्हणजे संपूर्ण मोल, असे मी म्हणत नाही. मागच्या दिवाळीत मीच घरच्या मेळाव्यासाठी सहा डब्यांचा खोका घेतला, कारण तो सुट्या डब्यांपेक्षा लिटरमागे स्वस्त होता. चार डबे त्या रात्री संपले. उरलेले दोन फडताळात मागे सरकले आणि मार्चमध्ये सापडले. डबा उलटा करून बुडावरची ठिपक्या-ठिपक्यांची तारीख दिव्याखाली वाचली तर मुदत तीन आठवड्यांपूर्वी सरली होती. उघडल्यावर हॉप्सचा संत्र्याच्या सालीसारखा वास पार गेलेला आणि त्याजागी ओल्या पुठ्ठ्याची चव आलेली. दोन्ही डबे मोरीत ओतले. सहा डब्यांचे पैसे देऊन मी चार डबे प्यायलो, म्हणजे माझा लिटरचा दर दीडपट झाला. ताजेपणावर जगणारी बिअर संचात घेताना हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करायचा असतो. मला तो चुकला. म्हणून दराच्या शेजारी उत्पादनाची तारीखही डब्याच्या अंगावर, सहज वाचता येईल अशी यावी, ही माझी जोडमागणी समजावी.

याची दुसरी बाजूही आहे आणि आपल्या विभागाच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची असावी. ज्याला एका संध्याकाळी 330 मिलिलिटरच हवी आहे, त्याने केवळ 'मोठे परवडते' या समजापोटी 500 किंवा 650 घेऊ नये. उघडलेली बिअर उद्यासाठी ठेवता येत नाही, त्यामुळे जास्त घेतलेली प्यायलीच जाते. लिटरचा दर समोर असेल तर लहान डब्यासाठी आपण नेमके किती जास्त देत आहोत हे कळते, आणि पुष्कळदा तो फरक वाटला होता त्यापेक्षा कमी निघतो. माझ्या दुकानातल्या उदाहरणात तर लहान डबा मोठ्यापेक्षा स्वस्तच होता. दर लपलेला राहिला की फायदा नेहमी जास्त पिण्याच्या बाजूला झुकतो. म्हणून या मागणीने मद्यपानाला उत्तेजन मिळेल, हा संभाव्य आक्षेप मला पटत नाही.

मद्यार्काच्या हिशेबाने दर दाखवावा अशीही सूचना काही जण करतील. तिला माझा विरोध आहे. आपल्या बाजारात आधीच स्ट्राँग बिअरचे वर्चस्व आहे आणि 'किती रुपयांत किती चढते' हीच तुलना लेबलावर छापली तर साडेचार टक्क्यांची सुरेख गव्हाची बिअर बनवणारा पहिल्याच दिवशी हरेल. माप लिटरचे असावे. मद्यार्काचे प्रमाण आज छापले जाते तसे वेगळे राहावे. चवीचे मोल पिणाऱ्याने ठरवावे.

दर मिलिलिटरचा नको, लिटरचाच हवा, याविषयी मुद्रक म्हणून माझे ठाम मत आहे. केंद्राच्या नियमांत एक लिटरपेक्षा कमी मापाच्या मालावर मिलिलिटरचा दर येतो. बिअरला तेच लावले तर एका डब्यावर 0.50 रुपये आणि दुसऱ्यावर 0.52 रुपये छापले जाईल आणि ते पाहून कोणाच्याही डोक्यात काही शिरणार नाही. 500 आणि 520 शेजारी-शेजारी वाचले की लगेच शिरते. सर्व डब्यांना आणि बाटल्यांना एकच गज लावा.

ब्रूपबविषयी, म्हणजे बिअर जिथल्या तिथे बनवून विकणाऱ्या ठिकाणांविषयी, थोडक्यात लिहितो. 2009 मध्ये पुण्यात डूलाली ही ब्रूपब सुरू झाली, देवळालीच्या नावावरून पडलेला तो 'वेडसर' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द पुन्हा महाराष्ट्रात नांदायला आला, आणि तेव्हापासून तिथल्या तिथे बनवलेली बिअर पिण्याची सवय आपल्याला लागली. पण तिथे व्हिस्कीचा पेग 30 आणि 60 मिलिलिटरच्या मापाने मोजून येतो आणि बिअर मात्र नजरेने भरली जाते. ग्लास 500 चा म्हणून यादीत लिहिलेला असतो आणि तीन बोटे फेस धरला तर आत बिअर किती, हे कोणी सांगू शकत नाही. जर्मनीत ग्लासावर भरण्याची रेघ कोरलेली असते आणि फेस त्या रेघेच्या वर असतो. वैधमापन यंत्रणेने आपल्याकडेही ही रेघ आणावी. पिचर (मोठा जग), टॉवर (टेबलावरचे नळाचे उंच भांडे) आणि बिअर घरी न्यायची बाटली म्हणजे ग्राउलर यांच्या यादीतही ग्लासाच्या दराशेजारी लिटरचा दर असावा, म्हणजे दीड लिटरच्या पिचरवर खरोखर किती वाचते ते मागवण्याआधी कळेल. या यादीतल्या दरावर 1 नोव्हेंबर 2023 पासून 10 टक्के मूल्यवर्धित कर लागतो. तो दरात धरला आहे की नाही, हेही तिथेच लिहिलेले असावे.

हे करणे अवघड नाही, हे सांगायला माझ्याइतका योग्य माणूस सापडणार नाही. अनेक बाटल्यांवर किंमत, तुकडीचा क्रमांक आणि तारीख ही शाईफवारणीच्या यंत्राने एकाच ओळीत मारली जाते. त्या ओळीत 'प्रतिलिटर' हा एक आकडा वाढवायला यंत्रात नोंद बदलावी लागते, नवी पट्टी करावी लागत नाही. जिथे किंमत लेबलावरच छापली जाते तिथे पुढच्या छपाईपर्यंतची मुदत द्यावी, म्हणजे छापून पडलेली लेबले वाया जाणार नाहीत. अशा लेबलाला पुन्हा नव्याने शुल्क भरून मंजुरी घ्यावी लागू नये, एवढी सवलत आपण दिलीत तर लहानात लहान उत्पादकालाही हा बदल झेपेल. दुकानाच्या दरफलकासाठी तर खडू पुरेसा आहे.

आणि समान मापाने तुलना करण्याची पद्धत आपल्या विभागाला परकी नाही. जून 2025 मध्ये शासनाने मद्याचे नवे किमान दर ठरवले, तेव्हा देशी मद्य 80 रुपये, महाराष्ट्र मेड लिकर 148, भारतीय बनावटीचे विदेशी मद्य 205 आणि उच्च प्रतीचे विदेशी मद्य 360, हे सगळे 180 मिलिलिटर या एकाच मापावर सांगितले. म्हणूनच सर्वसामान्य वाचकाला वर्तमानपत्रातली ती चार ओळींची बातमी एका नजरेत कळली. त्या निर्णयातून बिअर आणि वाइन वगळल्या होत्या. बिअरसाठीही असाच एक गज ठरवावा, तो लिटरचा असावा, आणि तो मंत्रालयाच्या टिपणीत न राहता शीतकपाटाच्या दारापर्यंत यावा.

या पत्रासोबत 330 आणि 500 मिलिलिटरच्या डब्यांसाठी आणि 650 च्या बाटलीसाठी लेबलांचे तीन नमुने मी स्वखर्चाने छापून आपल्या दोन्ही कार्यालयांकडे पाठवत आहे. त्यांवर लिटरचा दर किमतीच्या लगेच खाली, तिच्याइतक्याच उंचीच्या अक्षरात आहे आणि उत्पादनाची तारीख त्याच चौकटीत आहे. आरोग्याच्या इशाऱ्याची जागा एक मिलिमीटरही कमी केलेली नाही. आपल्या अधिकाऱ्यांनी ते हातात घेऊन पाहावेत आणि जिथे अक्षर लहान वाटेल तिथे खूण करून परत पाठवावेत. मी दुरुस्त करून देईन.

आपला विश्वासू,
एक लेबल-मुद्रक
भोसरी, पुणे